विंडोची चौकट कोणाची?

लखनौमध्ये अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घेताना एक गोष्ट वारंवार दिसते. टायटल बार जुनाट वाटतो म्हणून विद्यार्थी तो काढून टाकतात. क्यूटीमध्ये 'फ्रेमलेस विंडो हिंट' दिली की झाले. "आता ही विंडो हलवून दाखवा," म्हटले की मात्र गाडी अडते.

टायटल बार, कडा आणि बंद-मिनिमाइझची बटणे म्हणजे विंडो डेकोरेशन. एक्स११ मध्ये ते परंपरेने विंडो मॅनेजर काढतो. अ‍ॅप्लिकेशन फक्त विनंती करते. ती मानायची की नाही, हे विंडो मॅनेजर ठरवतो. २०१३ मध्ये जीटीके ३.१० ने हेडर बार आणला आणि अ‍ॅप्लिकेशन स्वतःच चौकट काढू लागले. वेलँडवर ग्नोमने हाच नियम केला. केडीई आणि स्वे 'एक्सडीजी-डेकोरेशन' प्रोटोकॉलने चौकट काढून देतात; ग्नोम देत नाही. म्हणून एसडीएलसारख्या लायब्ररीला तिथे लिबडेकॉरचा आधार घ्यावा लागतो.

ग्नोमची बाजू पोकळ नाही. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर टायटल बार आणि टूलबार एकत्र केले की उभी जागा वाचते. पण किंमत वापरकर्ता मोजतो. प्रत्येक टूलकिटची चौकट वेगळी दिसते. शिवाय प्रोग्रॅम अडकला की बंद करायचे बटणही अडकते, कारण ते त्याच प्रोग्रॅमने काढलेले असते. चौकट विंडो मॅनेजरची असेल, तर अडकलेली विंडो निदान टायटल बार धरून बाजूला सारता येते.

तुमच्या प्रकल्पांतील चूक याच्याही पुढची आहे. माउसच्या हालचालीप्रमाणे विंडोचे स्थान बदलणारा कोड एक्स११ वर चालतो. वेलँडवर अ‍ॅप्लिकेशनला स्वतःचे स्थान ठरवताच येत नाही, म्हणून तोच कोड तिथे निकामी होतो. क्यूटी ५.१५ पासून त्यासाठी 'स्टार्ट सिस्टम मूव्ह' आणि 'स्टार्ट सिस्टम रिसाइझ' आहेत. त्यांतून विंडो हलवण्याचे काम कंपोझिटरकडे सोपवले जाते.

चौकट काढणे एका ओळीचे काम आहे. तिची कामे अंगावर घेणे नाही. हलवणे, आकार बदलणे, बंद करणे, कीबोर्डवरून वापरणे, हे सगळे तुम्ही करणार असाल तरच ती काढा. नाहीतर ती ज्याची आहे त्याच्याकडे राहू द्या. आणि प्रकल्प दाखवण्याआधी एक्स११ आणि वेलँड, दोन्हींवर चालवून पाहा.