‘विरघळणे’, ‘जिरणे’ आणि ‘न दिसणे’

नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने शनिवारवाड्यापर्यंत नेण्यात आले. हा नळ वरून दिसत नाही. त्याचा मार्ग उच्छ्वासांवरून ओळखावा लागतो. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हा साधा विवेक अस्थिशल्यविषयक मराठी लेखनात मात्र पुरेसा पाळला जात नाही.

पॉलिग्लायकोलिक व पॉलिलॅक्टिक आम्लांच्या बहुवारिकांपासून केलेले खिळे व स्क्रू १९८० नंतरच्या दशकात मोडलेली हाडे सांधण्यासाठी वापरात आले. मराठीत त्यांना सर्रास ‘विरघळणारे’ म्हटले जाते. वस्तुतः साखर पाण्यात विरघळते तेव्हा तिचे रेणू अभंग राहतात. येथे पाण्याच्या योगे बहुवारिकाच्या साखळ्याच तुटतात आणि निपजलेल्या आम्लाचे शरीर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाणी करते. पहिल्या द्रव्याला यासाठी काही महिने लागतात, दुसऱ्याला कित्येक वर्षे. ‘शोषण’ हा पारिभाषिक पर्याय शुद्ध खरा. परंतु पिळवणुकीचा अर्थ त्याला घट्ट चिकटला आहे. अन्न पोटात जिरते, पाणी जमिनीत जिरते. ‘जिरणे’ या देशी धातूत रूपांतर व सामावणे हे दोन्ही अर्थ सहज येतात.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ही बहुवारिके क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक असतात. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही फिल्मवर स्क्रू दिसत नाही, त्याचे छिद्र तेवढे दिसते. ‘विरघळणारा’ हा शब्द ऐकलेला रुग्ण ‘विरघळला’ असे समजून हाड सांधण्यापूर्वीच पायावर भार टाकू शकतो. उलट, पुढे छिद्राभोवती हाड विरळ दिसले तर ते विघटनाच्या प्रतिक्रियेचेही चिन्ह असू शकते. जंतुसंसर्गाचा निर्णय केवळ छायेवरून करता येत नाही. चुंबकीय अनुनाद प्रतिमेत मात्र हाच स्क्रू काळसर आकृतीच्या रूपाने ओळखता येतो. मॅग्नेशियमचे स्क्रूही जिरतात, पण क्ष-किरणांत त्यांची छाया पडते. म्हणजे जिरणे हा द्रव्याचा धर्म, तर दिसणे हा द्रव्य व किरण यांमधील संबंध होय. एकाच शब्दाने दोहोंचा निर्देश करणे हा तर्कदोष आहे.

तेव्हा मराठी अहवालात ‘स्क्रू दिसत नाही’ एवढेच लिहून थांबू नये. ‘स्क्रूची छाया पडत नाही, छिद्र दिसते, स्क्रू अद्याप जिरलेला नाही’ ही तीन विधाने वेगळी लिहावीत. परिभाषेची कसोटी कोशात नव्हे, रुग्णाने टाकलेल्या पहिल्या पावलात लागते.