‘कॉन्कॉर्ड’ का बुडाला?

‘कॉन्कॉर्ड’ हा ऑनलाइन शूटर गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला त्याचे सर्व्हर बंद झाले. पाठीशी सोनीसारखी कंपनी, फायरवॉक स्टुडिओची कित्येक वर्षांची मेहनत, आणि आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचं! पीसीवर, स्टीममधून, एका वेळी खेळणाऱ्यांचा उच्चांक ६९७ च्या पुढे गेला नाही. ऑक्टोबर संपता संपता सोनीने स्टुडिओलाही टाळं लावलं.

गेमच टाकाऊ होता, असं म्हणून अनेकांनी विषय संपवला. मला ते पटत नाही. नेमबाजीत सफाई होती, चित्रण देखणं होतं. स्टुडिओ उभा करणाऱ्यांपैकी काहींनी ‘डेस्टिनी’ घडवणाऱ्या बंजीत उमेदवारी केली होती आणि ते हातातल्या बंदुकीच्या वजनावरून जाणवत होतं. खोट मुळातल्या आखणीत होती.

पाच विरुद्ध पाच अशा या लढाईत निवडायला सोळा पात्रं होती. या प्रकारच्या गेममध्ये खेळाडू एका पात्रावर जीव लावतो, त्याच्या खोडी शिकतो, त्यात तरबेज होतो. ‘ओव्हरवॉच’ या अशाच गेममधली ट्रेसर नुसत्या आकृतीवरून लांबून ओळखू येते. ‘कॉन्कॉर्ड’मधल्या पात्रांच्या अंगावर जाड, बोजड पोशाख, कोण उपचार करणारा आणि कोण मारणारा, हे पाहताक्षणी कळत नसे. त्यात ‘क्रू बोनस’ची योजना. सामना चालू असताना पात्र बदललं की आधीच्या पात्राचा एक फायदा पुढच्याला मिळायचा. म्हणजे जिंकायचं तर आवडतं पात्र सोडत राहायचं! डावपेच म्हणून कल्पना हुशार आहे, पण पात्राशी जुळू पाहणारं नातं ती दर सामन्यात तोडते. माझ्या मते गेमचं सर्वांत मोठं नुकसान इथेच झालं.

किमतीवर बरंच बोललं गेलं. चाळीस डॉलर मोजायचे, आणि शेजारी ‘व्हॅलोरंट’ आणि २०२२ पासून ‘ओव्हरवॉच’ही फुकट. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत सोनीनेच ‘हेलडायव्हर्स २’ चाळीस डॉलरला विकला आणि लोकांनी तो उचलून धरला. चार मित्रांनी मिळून किड्यांच्या झुंडींशी लढायचं, हे त्याचं आकर्षण एका वाक्यात सांगता येत होतं. ‘कॉन्कॉर्ड’ का घ्यायचा, याचं असं उत्तर मे महिन्यातल्या ट्रेलरमध्येही नव्हतं. अंतराळातल्या टोळीची चटपटीत संवादांची गोष्ट दाखवली आणि शेवटी निघाला तो ओळखीचा शूटर. रोज संध्याकाळी मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्याने, तिथे कमावलेलं सगळं सोडून इकडे का यावं?

जुलैतल्या बीटा चाचणीने धोक्याची घंटा वाजवली होती. ती सर्वांसाठी खुली, फुकट. तरी स्टीमवरचा आकडा अडीच हजारांच्या आत. तिथेच थांबून आखणी नव्याने करता आली असती. ‘फायनल फँटसी १४’ २०१० मध्ये आपटला, तेव्हा स्क्वेअर एनिक्सने चूक कबूल करून तो नव्याने बांधला आणि २०१३ मध्ये पुन्हा आणला. तो आजही चालू आहे. सोनीने तारीख पाळली आणि तिची किंमत स्टुडिओतल्या कामगारांनी नोकऱ्या गमावून मोजली.

ग्राहकांना पैसे परत मिळाले, हे योग्यच झालं. पण फसलेली कलाकृतीही अभ्यासायला हाताशी असावी लागते. पडलेला सिनेमा पुन्हा बघता येतो. ‘कॉन्कॉर्ड’ची डिस्क जवळ असली तरी गेम सुरू होत नाही. २०२४ मध्ये युबिसॉफ्टने आपला ‘द क्रू’ हा गेम बंद केल्यावर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. तिची मागणी रास्त आहे. गेम तोट्यात गेला तर कंपनीने आपले सर्व्हर जरूर बंद करावेत, पण जाताना खेळाडूंना स्वतःच्या सर्व्हरवर तो चालवण्याची सोय करून द्यावी, आणि ते कायद्याने बंधनकारक असावं.