चिंचोके मोजून झाले, संख्या कळली का? कृतीतून गणन शिकवण्यावरच्या संशोधनाची समीक्षा

पीएच.डी.च्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, "संशोधनलेखाची समीक्षा म्हणजे नेमकं काय करायचं? सारांश लिहिला की झाली का?" नाही, तेवढ्यावर भागत नाही. कशी करतात ते आज एक विषय घेऊन दाखवते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हाताने करायच्या कृतींमधून मोजणं आणि संख्या शिकवणं, हा तो विषय. त्यात एक चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

करडीतली माझी चूक

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातलं करडी हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. तिथल्या एका अंगणवाडीत मी माझं चाचणी साधन तपासून बघत होते. अजून मुख्य अभ्यास नव्हता, फक्त पूर्वतयारी. साहित्य म्हणजे चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या आणि खडे. माझ्या तपासणी यादीतला पहिला मुद्दा होता, "मूल १ ते १० क्रमाने म्हणते."

एका मुलीने वीसपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं. मी "बरोबर" अशी खूण केली. तिच्यानंतर आलेल्या मुलाने चिंचोके सरकवत सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन, चार..." मी लिहिलं, "चूक." बाजूला बसलेल्या अंगणवाडीच्या ताई हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, त्याच्या घरी धान असंच मोजतात. पहिल्या पायलीला एक नाही म्हणत, लाभ म्हणतात."

मग त्या ताईंनीच दोघांनाही सांगितलं, "मला चार चिंचोके दे." मुलाने मोजून चार दिले. वीसपर्यंत म्हणणाऱ्या मुलीने मूठभर उचलून दिले. "किती दिलेस?" असं विचारल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, आणि मोजून झाल्यावरही "किती" चं उत्तर आलं नाही.

म्हणजे माझ्या कागदावर ज्याला कळलं होतं ते मूल नापास, आणि जिला अजून कळायचं होतं ती पास. साहित्य तेच, कृतीही तीच. गडबड होती ती मी काय मोजत होते यात.

सिद्धांत काय सांगतो

हे मला आधीच कळायला हवं होतं. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्येच गणनाची पाच तत्त्वं मांडली आहेत. एका वस्तूला एकच शब्द. शब्दांचा क्रम दर वेळी तोच. शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. मोजायची वस्तू कोणतीही चालते. आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. दुसऱ्या तत्त्वात शब्द प्रमाणित असलाच पाहिजे, अशी अट नाही. क्रम स्थिर हवा, एवढंच. म्हणून "लाभ, दोन, तीन" हे या तत्त्वाप्रमाणे अगदी बरोबर गणन आहे. उद्या शाळेत "एक" शिकावं लागेल, पण तो शब्दाचा प्रश्न आहे, संख्येचा नाही.

तिसरं तत्त्व सगळ्यात अवघड. कॅरेन विन यांनी १९९० आणि १९९२ मधल्या अभ्यासांत मुलांना "मला इतके दे" असं सांगून बघितलं. आधी मुलाला फक्त "एक" चा अर्थ कळतो, मग "दोन" चा, मग "तीन" चा. आणि त्यानंतर कधीतरी मोजण्याचा आणि "किती" चा संबंध लागतो. या प्रवासाला बहुतेक मुलांना वर्षभर किंवा जास्तही लागतं. या काळात मूल दहापर्यंत अगदी बिनचूक म्हणत असू शकतं. म्हणून पाठांतर हा समजेचा पुरावा धरता येत नाही.

आता मुख्य लेख: दिल्लीचा प्रयोग

समीक्षेसाठी मी घेतलाय तो २०१७ मध्ये 'सायन्स' मध्ये आलेला लेख. लेखक मोइरा डिलन, हरिणी कन्नन, जोशुआ डीन, एलिझाबेथ स्पेल्की आणि एस्थर डुफ्लो. दिल्लीतल्या 'प्रथम' संस्थेच्या २१४ बालवाड्या आणि १५४० मुलं. बालवाड्या यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत वाटल्या. पहिल्या गटाने चार महिने गणिती खेळ खेळले, म्हणजे ठिपक्यांचे समूह आणि आकार यांची तुलना वगैरे. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ चेहऱ्यावरचे भाव आणि नजर ओळखण्याचे सामाजिक खेळ खेळले. तिसऱ्या गटात नेहमीचंच चालू राहिलं.

निष्कर्ष दोन भागांत आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. गणिती खेळ खेळलेल्या मुलांची अंक-चिन्हांशिवायची गणिती जाण वाढली, आणि ही वाढ वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेचं नवं, अंक-चिन्हांचं गणित शिकायला त्या खेळांचा उपयोग झाला नाही.

आधी बलस्थानं बघू, कारण समीक्षा म्हणजे फक्त दोष काढणं नव्हे. सामाजिक खेळांचा गट ठेवल्यामुळे "नवीन खेळणी आली, मोठ्यांनी लक्ष दिलं, म्हणून मुलं सुधारली" ही पळवाट बंद झाली. मुलं न वाटता बालवाड्या वाटल्यामुळे एकाच खोलीतली मुलं एकमेकांचं बघून शिकतात, ही अडचण टळली. आणि पाठपुरावा वर्षभराचा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत शेवटच्या तासाच्या दुसऱ्याच दिवशी उत्तरचाचणी उरकलेली असते.

आता मर्यादा. या प्रयोगात गणिती खेळांचा एकच गट होता. तेच खेळ अधिक बोललेले संख्याशब्द आणि लिहिलेले अंक, असा चौथा गट नव्हता. त्यामुळे "खेळातून गणित शिकवणं शाळेत उपयोगी पडत नाही" असं कोणी या लेखाच्या आधारावर लिहिलं, तर ते लेखापेक्षा मोठं विधान आहे. फार तर असं म्हणता येईल की चिन्हांना धरून नसलेले खेळ मुलाला चिन्हांपर्यंत आपोआप पोहोचवत नाहीत.

विरुद्ध वाटणारा पुरावा

आता शेजारी दुसरा लेख ठेवा. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या अल्प उत्पन्न गटातल्या १२४ बालवाडीच्या मुलांसोबत काम केलं. एका ओळीत १ ते १० अंक लिहिलेला साधा पट. तुलनेच्या गटाला तसाच पट, पण अंकांऐवजी रंग. दोन आठवड्यांत चारच छोट्या बैठका. अंकांच्या पटावर खेळलेली मुलं मोजणं, अंक ओळखणं, लहान-मोठी संख्या सांगणं यांत पुढे गेली आणि नऊ आठवड्यांनंतरही पुढे राहिली.

मग दिल्लीत जमलं नाही ते इथे कसं जमलं? घाईने "अमेरिकेत चालतं, भारतात नाही" असं लिहू नका. फरक मोजा. इथे एक मूल आणि एक मोठा माणूस, दिल्लीत गट. इथे नऊ आठवडे, तिथे वर्ष. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: इथे प्रत्येक उडीला मूल अंक बघत होतं आणि त्याचं नाव मोठ्याने म्हणत होतं. मात्र हा माझा अंदाज आहे. दोन अभ्यासांत एकाहून जास्त गोष्टी वेगळ्या असल्या, की कोणती कारण ठरली ते त्या दोघांवरून सांगता येत नाही.

त्यासाठी फक्त एकच गोष्ट बदललेला अभ्यास लागतो, आणि तो आहे. एलिडा लास्की आणि सीगलर, २०१४. शंभर घरांचा पट, दोन्ही गटांना तोच. सोंगटी समजा २६ वर आहे आणि दान पडलं दोन. एका गटाने घरातले अंक वाचत जायचं: "सत्तावीस, अठ्ठावीस." दुसऱ्याने आपल्या नेहमीच्या सापशिडीसारखं "एक, दोन." हाताची कृती अगदी सारखी. संख्यारेषेची समज वाढली ती अंक म्हणत जाणाऱ्या गटाची. "एक, दोन" वाल्यांना तो फायदा मिळाला नाही.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. हात काय करतोय एवढ्यावर शिकणं ठरत नाही. त्या क्षणी मूल काय बघतंय, कोणता शब्द म्हणतंय आणि मोठा माणूस शेवटी काय विचारतोय, यावर ते ठरतं.

साहित्याबद्दलचे दोन समज

आपल्याकडे "परिसरातलं, परिचित साहित्य वापरा" हे वाक्य जवळजवळ मंत्रासारखं म्हटलं जातं. त्यामागे मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला महागडी माँटेसरी साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, दगड यांतून बालशिक्षण उभं केलं. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण मंत्र म्हणून म्हणताना आपण दोन गोष्टी विसरतो.

पहिली गोष्ट. लोरी पीटरसन आणि निकोल मॅकनील यांनी २०१३ मध्ये १३३ लहान मुलांवर तपासलं, की मोजायची वस्तू कशी असावी. वस्तू आकर्षक आणि शिवाय मुलाच्या चांगल्या ओळखीची असेल, तर मोजणं बिघडतं. मूल मग तिच्याशी खेळू लागतं. म्हणजे "परिचित" एवढं पुरेसं नाही. चिंचोका ओळखीचा असला तरी साधा आहे, म्हणून बहुधा चालेल. रंगीत खेळण्यातली गाडी मोजायला देणं अंगाशी येईल.

दुसरी गोष्ट. माँटेसरींच्या काड्यांच्या पेटीत शून्य ते नऊ असे अंक लिहिलेले दहा कप्पे असतात आणि काड्या बरोबर ४५. कुठे चुकलं तर शेवटी काड्या कमी पडतात किंवा उरतात, आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते. माझ्या चाचणीत चिंचोके होते, पण त्यांच्याजवळ लिहिलेला अंक नव्हता आणि चूक दाखवणारं काहीच नव्हतं. साहित्य स्वस्त झालं म्हणून बिघडलं नाही. त्यातली रचना मी सोडून दिली, म्हणून बिघडलं. दहा रिकाम्या काडेपेट्या आणि ४५ काड्या करडीतही सहज जमतात.

साहित्यावरच्या ५५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण कार्बनो, मार्ले आणि सेलिग यांनी २०१३ मध्ये केलं. त्यांचाही सूर असाच: फायदा आहे, पण लहान ते मध्यम, आणि तो शिकवण्याच्या इतर बाबींवर अवलंबून.

तुमच्या आराखड्यासाठी

'निपुण भारत' २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून पायाभूत संख्याज्ञानावर प्रबंधांचे विषय भराभर नोंदवले जातायत. बऱ्याच आराखड्यांचा साचा एकच असतो: तीस मुलं, पूर्वचाचणी, तीन महिने "कृतियुक्त अध्यापन", उत्तरचाचणी, टी-मूल्य सार्थ. पण चार वर्षांचं मूल तीन महिन्यांत तसंही वाढतं. तुलनेचा गट नसेल तर ती वाढ तुम्ही तुमच्या कार्यक्रमाच्या खात्यावर जमा करताय.

म्हणून चार प्रश्न स्वतःला विचारा. "कृती" म्हणजे नेमकं काय, दुसरा कोणी तशीच करू शकेल इतकं लिहिलंय का? तुलनेच्या गटाला तेवढाच वेळ आणि लक्ष मिळतंय का? चाचणी शिकवलेल्याच साहित्यावर घेताय, की वेगळ्या? आणि चाचणी मुलाच्या बोलीला चूक ठरवते का? झाडीबोलीत "ण" चा "न" होतो. "एकोनीस" ला गुण कापलात तर तुम्ही उच्चार तपासला, संख्या नाही.

मी माझ्या यादीतला पहिला मुद्दा काढून टाकलाय. त्याजागी आता "मला चार दे" आहे. खडे घेऊन आणि काड्या घेऊन, दोन वेगळ्या दिवशी. शब्द "लाभ" असला तरी चालेल, अशी सूचनाही खाली लिहिली आहे. ती सुचली ताईंमुळे, म्हणून प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांच्यासाठी एक ओळ राखून ठेवली आहे.

तुमच्या साधनातला पहिला मुद्दा कोणता आहे? मार्गदर्शकांकडे जाण्याआधी एखाद्या अंगणवाडीत जाऊन तो एकदा वापरून बघा.