‘ऑरेंज’ : एका विशेषणाची परीक्षा

इंग्रजींतील ‘ऑरेंज’ हें विशेषण आज सुशिक्षित घरांत इतकें रुळलें आहे कीं, राष्ट्रध्वजाच्या वरच्या पट्ट्यासही मुलें ‘ऑरेंज’च म्हणतात. वास्तविक २२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें संमत केलेल्या ठरावांत तो रंग केशरी म्हणून नमूद आहे. तेव्हां ह्या विशेषणाचें कूळ व योग्यता पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

शब्द मुळांत आपल्याकडचाच. संस्कृत ‘नारंग’ (तोही द्राविडी भाषांतून आला असावा असें विद्वान मानतात) फारसींतून अरबींत जाऊन ‘नारंज’ झाला व तेथून युरोपांत पोंचला. इटलींत व फ्रान्समध्यें आरंभींचा नकार उपपदांत मिसळून गळाला. ल्याटिनमधील सुवर्णवाचक ‘औरुम्’पासून हा शब्द निघाला, ही व्युत्पत्ति मोहक पण खोटी आहे. इंग्रजींत फळाचें नांव मध्ययुगांत आलें. रंगाचा अर्थ मात्र सोळाव्या शतकांतला. त्यापूर्वीं इंग्रज ‘पिवळा-तांबडा’ अशा जोडशब्दावर भागवीत. रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही तिला तांबडी म्हणण्याचा प्रघात हा त्या काळाचा अवशेष होय.

म्हणजे ह्या विशेषणास एका फळाच्या सालीचा आधार. तोही किती डळमळीत, हें संत्र्यांच्या बागांत राहणाऱ्या आम्हां वरुडकरांस दरसाल दिसतें. आंबिया बहाराचें संत्रें आंतून गोड झालें तरी थंडी पडेपर्यंत त्याची साल हिरवट राहते. मृग बहाराचें फळ मात्र सुरेख रंगतें.

मराठींत अशी अडचण नाहीं. शेंदरी म्हणतांच मारुतीची मूर्ति, केशरी म्हणतांच गंधांत उगाळलेलें केशर, भगवा म्हणतांच संन्याशाची छाटी, आणि नारिंगी म्हणतांच पिकलेलें नारिंग डोळ्यांपुढें येतें. ह्या चारही छटा एका ‘ऑरेंज’मध्यें कोंबल्या कीं, त्या निरनिराळ्या ओळखण्याची मुलांची संवयही हळूहळू सुटते.

परभाषेंतील शब्द घेऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. इंग्रजांस रंगाचें नांव हवें होतें; तें त्यांनीं दूरच्या फळावरून घेतलें, हें योग्यच झालें. परंतु घरांत चार शब्द असतां त्यांजकडून एक उसना आणणें, आणि तोही आपल्याच शब्दाचें झिजलेलें रूप, ह्यांत शहाणपण कोणतें, ह्याचा विचार आईबापांनीं व शिक्षकांनीं अवश्य करावा.