संकलकाच्या मध्यभाषा आणि ‘भाषांतर’ ही संज्ञा

संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत संकलकाची, म्हणजेच कंपायलरची, व्याख्या बहुधा एकाच क्रियापदावर उभी असते. मनुष्याला सोयीच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो तो संकलक, असे तेथे सांगितले जाते. आणि हे भाषांतर एका झेपेत न होता मधल्या अनेक भाषांतून टप्प्याटप्प्याने होते, अशी पुस्तीही जोडली जाते. ह्या व्याख्येत ‘भाषा’, ‘अर्थ’ आणि ‘भाषांतर’ ह्या तिन्ही संज्ञा भाषाशास्त्राकडून उसन्या घेतलेल्या आहेत. उसन्या संज्ञा उपयोगी पडतात, परंतु त्या आपल्या मूळ घरचे संस्कार बरोबर घेऊन येतात. ‘भाषांतर’ म्हटले की मूळ लेखकाच्या आशयाविषयीची निष्ठा गृहीत धरली जाते. संकलकाची निष्ठा खरोखर कोणाशी असते, आणि मधल्या भाषा त्या निष्ठेचे काय करतात, हे तपासून पाहिल्याखेरीज ही व्याख्या जशीच्या तशी स्वीकारणे योग्य होणार नाही.

संज्ञेचा इतिहासच प्रथम पाहावा. ग्रेस हॉपर ह्यांनी १९५२ मध्ये ‘ए-०’ ही जी व्यवस्था चालू केली, तिचे काम चुंबकीय फितीवर साठवलेले तयार गणनाखंड शोधून काढून ते एका आज्ञावलीत एकत्र गुंफणे, एवढेच होते. त्या कामास ‘संकलन’ हे नाव शोभत होते. पुढे १९५७ मध्ये जॉन बॅकस व त्यांचे सहकारी ह्यांनी आयबीएम ७०४ ह्या यंत्रासाठी फोरट्रान भाषेचा संकलक सिद्ध केला. त्यात गणिती सूत्रांसारख्या वाक्यांपासून यंत्राच्या आज्ञा तयार होऊ लागल्या. काम पार बदलले, नाव मात्र तेच राहिले. म्हणजे मराठीतील ‘संकलक’ हा शब्द व्युत्पत्तीस प्रामाणिक आहे, पण आजच्या वस्तूचे वर्णन त्यातून होत नाही. आणि ‘भाषांतरकार’ हा जो पर्याय व्याख्येतून सुचविला जातो, तोही निःशंकपणे घेता येत नाही.

आजचा संकलक प्रत्यक्षात काय करतो, हे एका लहान उदाहरणावरून दिसेल. ‘हप्ता = (मुद्दल × दर + शुल्क) ÷ महिने’ असे वाक्य आज्ञावलीत आहे असे समजू. प्रथम ह्या अक्षरांच्या ओळीचे पद सुटे केले जातात. नंतर कोणते पद कोणाच्या अधीन आहे हे ठरवून वाक्याचा वृक्ष उभा केला जातो. येथवर रिकाम्या जागा व टिपा गळून गेलेल्या असतात. वृक्ष झाल्यावर कंसांचेही प्रयोजन उरत नाही, कारण कंस जे सांगत होते ते आता रचनाच सांगते. पुढच्या टप्प्यास वृक्षही मोडला जातो आणि एका वाक्याची तीन वाक्ये होतात : ‘त१ = मुद्दल × दर’; ‘त२ = त१ + शुल्क’; ‘हप्ता = त२ ÷ महिने’. प्रत्येक वाक्यात एकच क्रिया. मूळ वाक्यात अध्याहृत असलेली मधली फले येथे नावानिशी पुढे येतात. जीसीसी ह्या प्रसिद्ध संकलकात २००५ पासून वापरात असलेली ‘गिंपल’ ही मध्यभाषा ह्याच धर्तीची आहे. तिच्यानंतर ‘आरटीएल’ ही भाषा येते. तीत प्रारंभी यंत्रात वाटेल तितकी रजिस्टरे आहेत असे मानून चालतात आणि पुढे ती यंत्राच्या मोजक्या रजिस्टरांत बसवून घेतात.

ही प्रक्रिया मराठी वाचकास अगदी अपरिचित आहे असे नाही. मोरोपंतांची आर्या शिकविताना पूर्वीचे शिक्षक पदच्छेद करीत, मग अन्वय लावीत आणि त्यानंतरच अर्थ सांगत. अन्वय ही एक मध्यभाषाच होय. ती ना पद्याची भाषा, ना कोणाच्या बोलण्यातली. कर्ता, कर्म व क्रिया ह्यांचे संबंध उघड दिसावेत एवढ्याचसाठी ती असते. अन्वय लावताना यमक व वृत्त हातचे जातात. विद्यार्थ्यास त्याची खंत नसते, कारण त्या घडीला त्याला जे हवे आहे ते अन्वयातच मिळते. परंतु अन्वय म्हणजेच कविता, असे कोणताही जाणता शिक्षक म्हणत नसे.

मध्यभाषांचा खरा गुण ह्याच दृष्टीने समजून घ्यावयास हवा. एक-नियुक्ती रूप म्हणून जी मांडणी १९८० नंतरच्या दशकात आयबीएमच्या संशोधकांनी विकसित केली, ती ह्याचे उत्तम उदाहरण आहे. सामान्य आज्ञावलीत ‘बाकी’ ह्या एकाच नावास वेळोवेळी निरनिराळी मूल्ये दिली जातात. नाव तेच, निर्देश निराळा. जसे परिच्छेदातील ‘तो’ हे सर्वनाम प्रत्येक वेळी निराळ्या व्यक्तीकडे बोट दाखवू शकते. एक-नियुक्ती रूपात प्रत्येक नावास एकदाच मूल्य मिळते, म्हणून ‘बाकी’ची ‘बाकी१’, ‘बाकी२’ अशी वेगळी नावे पाडली जातात. आणि जेथे दोन वाटा येऊन मिळतात तेथे, ज्या वाटेने यावे त्या वाटेचे मूल्य घ्यावे अशा अर्थाचे एक संगम-चिन्ह घालून ‘बाकी३’ हे नवे नाव दिले जाते. वैयाकरण सर्वनामांना अंक देऊन त्यांचे निर्देश स्पष्ट करतात, तसाच हा प्रकार आहे. ह्यात मूळचा अर्थ ‘जपला’ जातो एवढेच म्हणणे अपुरे आहे. मुळात जे वाचकाने शोधून काढावयाचे होते, ते येथे बोलून दाखविले जाते. मध्यभाषेची कसोटी ती मुळाशी किती मिळतीजुळती आहे ही नसून, तिने काय बोलते केले आणि त्याच्या मोबदल्यात काय टाकून दिले, ही आहे.

ही कसोटी मान्य केली की मध्यभाषा अनेक का लागतात ह्याचाही उलगडा होतो. १९५८ मध्ये ‘शेअर’ ह्या अमेरिकेतील संगणक-उपयोजकांच्या संघटनेच्या एका समितीने ‘अन्कॉल’ नावाच्या एकाच वैश्विक मध्यभाषेची कल्पना मांडली होती. हिशेब मोह पाडणारा होता. दहा भाषा आणि वीस यंत्रे असतील तर दोनशे संकलक लागतात. मध्ये एक सामायिक भाषा ठेवली की तीस खंडांत काम भागते. तरी ती भाषा प्रत्यक्षात उतरली नाही. सर्व भाषांचे सर्व विशेष सांभाळील आणि सर्व यंत्रांना सारखीच जवळची राहील, अशी भाषा एकाच वेळी फार मोठी आणि फार लहान असावी लागते. इलिनॉय विद्यापीठात २००० मध्ये सुरू झालेल्या एलएलव्हीएम ह्या प्रकल्पाची मध्यभाषा आज कित्येक भाषांच्या संकलकांत सामायिक आहे, आणि अन्कॉलचे स्वप्न तिने पुरे केले असे कधी कधी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. सी भाषेतून तेथवर आलेल्या संहितेत विशिष्ट यंत्राच्या सोयीचे निर्णय आधीच मुरलेले असतात. शिवाय रस्ट आणि स्विफ्ट ह्या भाषांना तिच्या अलीकडे स्वतःच्या स्वतंत्र मध्यभाषा ठेवाव्या लागल्या आहेत. रस्टमध्ये कोणती वस्तू कोणाच्या मालकीची व ती उसनी कोठवर, ह्याची तपासणी ‘मिर’ ह्या मध्यभाषेवर होते; कारण त्यापुढच्या भाषेत ‘मालकी’ ही कल्पनाच उरत नाही. मनुष्यभाषांच्या क्षेत्रातही असाच प्रयत्न झाला. टोकियो येथील संयुक्त राष्ट्र विद्यापीठात १९९६ मध्ये सुरू झालेल्या वैश्विक मध्यभाषेच्या प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीने हिंदी व मराठी ह्या भाषांसाठी काम केले. त्याचे अभ्यासमूल्य मोठे आहे. पण मधल्या एका रूपात अर्थ निःशेष मावतो, हे त्यानेही सिद्ध झाले नाही.

आता निष्ठेचा प्रश्न. एखाद्या आज्ञावलीत परवलीचा शब्द स्मृतीत ठेवून वापरला जातो आणि काम संपताच ती जागा शून्यांनी पुसली जाते, असे समजू. संकलक मध्यभाषेत पाहतो तो काय, की शून्ये लिहिली गेली, परंतु त्यानंतर कोणी ती वाचीत नाही. जे कोणी वाचत नाही ते लिहिणे व्यर्थ, असा निर्णय करून तो पुसण्याची आज्ञाच काढून टाकू शकतो. परवलीचा शब्द स्मृतीत तसाच राहतो. त्याहून बोधप्रद प्रसंग २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात उघडकीस आला. तेथे एका पत्त्यावरून मूल्य आधी घेतले होते आणि तो पत्ता शून्य तर नाही ना, ही तपासणी नंतर केली होती. शून्य पत्ता वापरणे सी भाषेच्या प्रमाणानुसार अव्याख्यात आहे. ज्या अर्थी पत्ता वापरलेला आहे त्या अर्थी तो शून्य असूच शकत नाही, असे अनुमान करून संकलकाने तपासणी गाळली, आणि चुकीचे रूपांतर सुरक्षेतील भगदाडात झाले. पुढे लिनक्सच्या गाभ्याचे संकलन करताना अशा तपासण्या गाळू नयेत अशी सूचना संकलकास देण्याची पद्धत पडली.

ह्या दोन्ही प्रसंगांत संकलकाने नियमभंग केला नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. त्याची निष्ठा लेखकाशी नसून भाषेच्या प्रमाणाशी आहे. प्रमाणाने जे बाहेरून दिसणारे वर्तन राखावयास सांगितले तेवढा त्याच्या लेखी अर्थ. उरलेला हेतू त्याच्या लेखी वृत्त-यमकासारखाच. मनुष्य भाषांतरकारास मूळ लेखक चुकला असे वाटले तर तो थबकतो. संकलक मात्र लेखक कधी चुकतच नाही असे मानून अनुमान करतो. ही विश्वासाची परिसीमा दिसते खरी, पण फळ मात्र अविश्वासाचेच देते.

ह्यावर सबळ उत्तर म्हणून झाव्हिए लेरुआ व त्यांचे सहकारी ह्यांनी फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या ‘कॉम्पसर्ट’ ह्या संकलकाचा उल्लेख करावा लागतो. त्यात सी भाषेपासून यंत्रापर्यंत जाताना ज्या अनेक मध्यभाषा लागतात, त्या प्रत्येकीचा अर्थ गणिती व्याख्येने बांधलेला आहे, आणि प्रत्येक पायरीवर अर्थ राखला जातो ह्याची सिद्धता यंत्राकडून तपासून घेतली आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात यादृच्छिक आज्ञावल्यांच्या साह्याने निरनिराळ्या संकलकांत सव्वातीनशेहून अधिक अज्ञात दोष सापडले. कॉम्पसर्टच्या सिद्ध केलेल्या भागात मात्र चुकीची संहिता निर्माण होण्याचा एकही दोष आढळला नाही. ही कामगिरी असामान्य आहे. तथापि तिची प्रतिज्ञा काळजीपूर्वक वाचली पाहिजे : मूळ आज्ञावलीस व्याख्यात अर्थ असेल, तरच तो राखला जाईल. म्हणजे साखळीतील प्रत्येक दुवा निर्दोष झाला, तरी पहिल्या भाषेत जे सांगितलेच गेले नाही ते शेवटच्या भाषेत कसे यावे, हा प्रश्न तसाच उरतो.

त्याचे उत्तर कोठे शोधावे हे सी भाषेच्या अलीकडच्या प्रमाणाने दाखविले आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सी-२३’ ह्या प्रमाणात, स्मृती खरोखरच पुसली जावी असा हेतू व्यक्त करणारी स्वतंत्र क्रिया घालण्यात आली. संकलक अधिक समजूतदार झाला नाही; मूळ भाषेस एक शब्द मिळाला. जो हेतू उच्चारता येत नव्हता तो आता उच्चारता येतो, आणि म्हणूनच तो शेवटच्या पायरीपर्यंत टिकू शकतो.

तेव्हा संकलकाच्या कार्यास भाषांतर म्हणावयाचे तर ते अन्वयाच्या जातीचे भाषांतर होय, काव्याच्या भाषांतराच्या जातीचे नव्हे. त्याच्या मध्यभाषा कमी प्रतीच्या भाषा नाहीत. एका विशिष्ट प्रश्नास उत्तर देण्यापुरत्या त्या अत्यंत प्रामाणिक आहेत, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु एखाद्या मांडणीस ‘अर्थ’ असे नाव देण्यापूर्वी, तेथवर येताना काय गळले ह्याची यादी मागणे हा त्याच अभ्यासकाचा हक्क आहे. आणि ती यादी न देणाऱ्या व्याख्येस शास्त्रीय म्हणता येत नाही.