खडकातला प्राणी आणि आम्ही चाहते

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागत असे. पांढरकवड्याकडे आमच्या गल्लीत तेव्हा एकच कृष्णधवल संच होता. एक जण छपरावर अँटेना फिरवत असे आणि बाकीचे खाली सतरंजीवर बसून 'आलं, आलं, तिथंच थांब' म्हणून ओरडत. मालिका इंग्रजीत असल्याने आम्हाला चार वाक्येही सलग कळत नसत. तरीही टोकदार कानांचा स्पॉक, 'एंटरप्राइझ' हे यान आणि माणसांना इथे विरघळवून तिथे उभे करणारे यंत्र एवढ्यावर आम्ही पक्के भक्त झालो. (ग्रहावर यान उतरवण्याचे दृश्य दर वेळी चित्रित करणे परवडणारे नव्हते, म्हणून ते यंत्र कल्पिले गेले, हे पुष्कळ नंतर कळले. भक्तीत त्यामुळे काही उणे झाले नाही.)

पुढे वसतिगृहात सीडी हाती लागल्या, इंग्रजी समजू लागले आणि भक्तीची वकिली झाली. निर्वात पोकळीत यानाचा आवाज कसा ऐकू येतो, असे कोणी विचारले की आम्ही तासभर मालिकेची बाजू लढवत असू, आणि तीही पदार्थविज्ञानाच्या पदवीचा अभ्यास करत असताना! चाहत्यांच्या निष्ठेचे बळ मोठे असते, यात शंका नाही. ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेली ही मालिका ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली; तरी चाहत्यांच्या पत्रांचा एवढा पाऊस पडला की १९७६ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या चाचणी-शटलला 'एंटरप्राइझ' हेच नाव मिळाले. पण तीच निष्ठा आवडत्या गोष्टीतली चूक बघू देत नाही. प्रयोगशाळेत हा दोष फार महाग पडतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

म्हणून आमच्या सर्वांत आवडत्या भागाचीच येथे तपासणी करायचे ठरवले आहे. 'द डेव्हिल इन द डार्क' हा तो भाग, मार्च १९६७ मधला. एका दूरच्या ग्रहावर खोल खाणी आहेत. खडक लोण्यासारखा कापत जाणारा कोणी अज्ञात प्राणी खाणकामगारांना ठार करतो आहे. पन्नासाहून अधिक बळी गेले आहेत. कप्तान कर्क शिकारीला निघतो. मग कळते की हा प्राणी सिलिकॉनचा बनलेला आहे, ती मादी आहे, आणि खाणीत सापडणारे जे गोल गोटे कामगारांनी हजारोंनी फोडले, ती तिची अंडी होती.

यातले रसायन वर्गात जरूर घ्यावे. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या नेमका खाली येतो आणि चार बंध करतो. तेव्हा कल्पना वेडगळ नाही. परंतु कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात, तर सिलिकॉन-सिलिकॉन बंधाला सुमारे २२०. लांब साखळ्या टिकायच्या कशा? शिवाय कार्बन जळला की वायू होतो, तो श्वासातून बाहेर टाकता येतो. सिलिकॉन जळला की वाळू होते! पृथ्वीच्या कवचात वजनाने पाव हिश्शाहून जास्त सिलिकॉन आहे, कार्बन त्यामानाने अगदी नगण्य. तरी इथली सारी जीवसृष्टी कार्बनची. मालिकेतला डॉक्टर मॅकॉय हीच शंका काढतो, विशेषतः ऑक्सिजन असलेल्या हवेत हे अशक्य असे म्हणतो, आणि स्पॉक त्याला थोडक्यात गप्प करतो. चाहते म्हणून आम्ही वर्षानुवर्षे स्पॉकच्या बाजूने होतो. रसायनाच्या हिशेबात बाजू डॉक्टरची भक्कम आहे.

पण या भागाची खरी परीक्षा आमच्यासाठी २०१८ मध्ये झाली. पांढरकवडा-राळेगाव भागात दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका टी-१, म्हणजे अवनी या वाघिणीवर होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली. तिचे दोन बछडे तेव्हा वर्षाचेही नव्हते. दूर शहरातल्या आमच्या सहकाऱ्यांना वाघिणीचे दुःख होते. गावाकडून फोन यायचे ते वेगळेच असत: कापूस वेचणीला आला आहे, आणि बाया एकट्या शेतात जायला तयार नाहीत.

त्या आठवड्यात हा भाग आम्ही पुन्हा पाहिला. पूर्वी न दिसलेली एक गोष्ट दिसली आणि ती उत्तम आहे. प्राणी जिवंत राहावा असे आधी स्पॉकला वाटत असते, मारायचा हुकूम कर्कचा असतो. कर्क एकटा त्या प्राण्यासमोर सापडतो तेव्हा मात्र स्पॉकच घाबरून 'मारा' म्हणतो आणि कर्क बंदूक रोखूनही चालवत नाही. आपला माणूस धोक्यात असला की तर्कशुद्ध माणसाचेही मत बदलते. लेखक जीन कून यांनी हे फार समजून लिहिले आहे.

आणि एक गोष्ट खटकली. स्पॉक त्या प्राण्याला हात लावून तिचे मन वाचतो, दोन मिनिटांत सारा उलगडा होतो. शेवटी पिल्ले बोगदे खणतात, कामगारांना खनिज मिळते, सगळे सुखी. आमच्याकडे मन वाचणारा कोणी नाही. आहेत ते कॅमेरा सापळे, पाऊलखुणा, डीएनएचे नमुने, आणि निष्कर्ष हाती येईपर्यंत जाणारे दिवस. त्या दिवसांत माणसांनी शेतात जायचे की नाही, हा प्रश्न मालिकेने चुकवला आहे.

शिक्षकमित्रांनो, एका सुट्टीत गावाकडच्या शाळेत नववीच्या मुलांना आम्ही हा भाग मराठीत समजावत दाखवला. मन वाचण्याच्या अगोदर थांबवला आणि विचारले, प्राणी का मारतो हे तुम्ही कसे शोधाल? उत्तरे चांगली आली. मृत्यू कुठे झाले त्याचा नकाशा करू, गोटे कधीपासून फोडू लागले ते हजेरीपटावरून पाहू, एक गोटा न फोडता ठेवून बघू. या तिसऱ्या उत्तरावर आम्ही खूश झालो.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, 'सगळं बरोबर आहे, पण जे पन्नास मेले त्यांच्या घरी कोण कोण होतं, ते यात का नाही दाखवलं?'

आम्ही तो भाग निदान दहा वेळा पाहिला असेल. त्यात एकाही कामगाराचे घर नाही.