‘टोपोशीटवरून जीपीएसमध्ये घेतले’ या वाक्याबद्दल

प्रबंधाच्या कार्यपद्धतीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘नमुन्यांची ठिकाणे टोपोशीटवरून जीपीएसमध्ये घेतली.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात होतं. तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर बघा, तुमच्यातही असेल. ते खोटं नाही, पण ते वाचून दुसरा कुणी त्या जागी पोचू शकत नाही. माझी तक्रार एवढीच.

सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर बेतलेल्या आहेत. जीपीएस मुळात डब्ल्यूजीएस-८४ वर चालतो. तेच अक्षांश-रेखांश दोन्हीकडे टाकले तर महाराष्ट्रात जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. १:५०,००० च्या कागदावर हे जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर, म्हणून टेबलाशी बसून कुणालाच खुपत नाही. मला खुपलं ते दुसऱ्या वर्षी. जुन्या प्रबंधातला प्लॉट ओढ्याच्या अलीकडे होता आणि मी अख्खा हंगाम पलीकडच्या काठावर झाडं मोजली होती. तुलना बाद.

दुसरी खोड आकड्यांची. सहा अंकी ग्रिड रेफरन्स म्हणजे बिंदू नव्हे, शंभर मीटरचा चौकोन, आणि तो आकडा त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचा. आपण पुढे शून्यं लावून यंत्रात भरतो आणि मग प्रबंधात दशांश चिन्हानंतर आठ अंक छापतो! पाचवा अंकच साधारण एक मीटरचा असतो. आणि १८ अंश २२ मिनिटं हे १८.२२ असं भरणारेही भेटलेत. तिथे चूक थेट सोळा किलोमीटरची.

न्यूझीलंडमध्ये २००९ साली जुन्या एनझेडएमएस २६० नकाशांच्या जागी टोपो५० आले. डेटम बदलला, ग्रिडही बदललं. जुन्या नकाशावरून डोंगरातली झोपडी वेपॉइंट म्हणून भरणाऱ्या शिकाऱ्याला आधी यंत्राची सेटिंग बदलावी लागते. चुकला तर रात्र उघड्यावर. आपण चुकलो तर व्हायव्हापर्यंत कळतही नाही. गाईडही क्वचितच विचारतात.

सध्या मी शीट क्रमांक, आवृत्तीचं वर्ष, डेटम आणि अंदाजे चूक मीटरमध्ये लिहितो. डेटम शीटच्या समासात सापडतो. नव्या ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत. रूपांतर क्यूजीआयएसमध्ये करतो आणि निघण्याआधी नकाशावरचं एखादं देऊळ किंवा रस्त्यांची चौफुली यंत्रात टाकून तिथे प्रत्यक्ष उभा राहतो. अर्धा तास जातो.